मक्याची विल्हेवाट

"वास घ्या! नाक आहे ना तुम्हाला? मग घ्या की वास!"

सुईभाऊंनी मूठभर मका गवळ्याच्या नाकाखाली धरला. दाण्यांवर हिरवट भुकटी चढली होती आणि बंद खोलीतल्या ओल्या कपड्यांसारखा कुबट वास येत होता. मागे गोठ्यात एक गाय मान टाकून पडली होती. तिची जोडीदारीण आदल्या दिवशीच दगावली होती.

"वास येतोय खरा," गवळी म्हणाला. "पण मका भिजला होता ना, म्हणून. मी वाळवला, मगच घातला. आणि जनावरांनाच तर घालायचा होता."

"मग जनावरंच गेली ना!"

गुरांच्या दवाखान्यात सुया टोचता टोचता या माणसाचं खरं नाव पुसलं गेलं होतं आणि सुईभाऊ तेवढं उरलं होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा तोंड दाखवत. बाकीचे दिवस सगळं सुईभाऊंच्या गळ्यात. बुरशी लागली की धान्यात विष तयार होतं, ते धुऊन जात नाही, वाळवून जात नाही, शिजवूनही जात नाही, हे त्यांनी दारोदार कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. लोक माना डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी! नुसतं पाणी नव्हे, सुईभाऊंच्या मते आता घडाही झिजायला आला होता.

"खड्डा खणा आणि पोतं पुरून टाका," ते म्हणाले.

"हो हो, पुरतो ना," गवळी म्हणाला आणि पोत्याचं तोंड बांधायला लागला. बांधायला त्याच्याकडे जुन्या स्वेटरची उसवलेली लाल लोकर होती, वेणीसारखी पिळलेली. सुईभाऊंनी ती पाहिली आणि निघाले.

पुढच्याच आठवड्यात कोंबडीवाल्या काकूंनी बोलावणं पाठवलं. खुराड्यात कोंबड्या माना वाकड्या करून मरून पडल्या होत्या, आणि दाराशी लाल लोकरीनं तोंड बांधलेलं पोतं उभं होतं. सुईभाऊंच्या मस्तकात तिडीक गेली.

"काकू, हे कुठून आणलंत?"

"गवळ्यानं दिलं. म्हणाला, गायींना बाधतंय, कोंबड्यांचं काय, कोंबड्या खडेसुद्धा पचवतात."

"आणि तुम्हाला ते पटलं?"

"अहो, फुकट देत होता! चांगलं धान्य कुणी मातीत घालतं का?"

"चांगलं? हे चांगलं?" सुईभाऊंचा आवाज चिरकला. "पुरा ते. आजच्या आज पुरा."

काकूंनी डोळ्याला पदर लावून शपथ घेतली. शपथ मोडली नाही असं त्या पुढे सांगत राहिल्या, कारण पुरायला म्हणून त्यांनी पोतं डुकरंवाल्याकडे दिलं होतं. खणायला त्यांच्या अंगात बळ कुठलं? आणि डुकरंवाल्याचं म्हणणं असं की, डुक्कर काय, काहीही पचवतं. सुदैवाने सुईभाऊ त्या दिवशी त्याच्याकडे वेगळ्याच कामासाठी गेले आणि पोतं उघडायच्या आतच त्यांना ती लाल लोकर दिसली.

मग मात्र त्यांचा तोल सुटला. गल्लीतली माणसं गोळा झाली इतकं ते बोलले.

"तुमच्यापैकी एकाच्याही हातून एक पोतं पुरून होत नाही! कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. हे पोतं उचल आणि माझ्या घरी नेऊन टाक. मीच पुरतो!"

डुकरंवाल्याने भीत भीत पोतं सायकलवर घातलं. सुईभाऊंना मात्र त्याच दिवशी दूरच्या वस्तीवर अडलेल्या म्हशीसाठी जावं लागलं. परतले तेव्हा अंगात त्राण नव्हतं.

"आई, मक्याचं पोतं आलं होतं का गं?"

"आलं होतं," आई म्हणाली. "लावली त्याची विल्हेवाट."

सुईभाऊंनी सुस्कारा सोडला. सगळ्या जगात एक माणूस तरी सांगितलेलं काम करतो! ते पोटभर जेवले आणि शांत झोपले.

त्यानंतर काही दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, आईंना जेवण जात नाही हल्ली. सारखी मळमळ होते म्हणतात."

"वय झालं आता तिचं," सुईभाऊ म्हणाले. त्यांचा घसा दिवसभर बोलून बसला होता, घरी आणखी बोलायची इच्छा नव्हती.

आणखी काही दिवस गेले. एका सकाळी आई खिडकीशी उजेडात बसली होती. सुईभाऊंनी सहज तिच्याकडे पाहिलं आणि हातातला चहाचा कप तसाच राहिला. आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आजारी जनावराची पापणी उलटून बघण्यात त्यांची उमर गेली होती. आईच्या डोळ्यांकडे बघायला त्यांना सवड झाली नव्हती.

"आई, काय खाल्लंस तू?"

आईची नजर स्वयंपाकघराकडे गेली. सुईभाऊ स्वयंपाकघरात गेले. फळीखाली, जुन्या चादरीआड, तिचा पत्र्याचा डबा होता. झाकण काढताच तो वास आला.

"निवडून घेतला रे मी," आई मागून म्हणाली. "काळा दाणा एक ठेवला नाही. तीन पाण्यांनी धुतला, उन्हात घातला, दळून आणला. दुपारी थोडी पेज करून घेते, एवढंच. तुम्हाला कुणाला दिली नाही. तुझ्या पोरीला तर हातसुद्धा लावू दिला नाही."

"अगं पण का? मी ओरडून ओरडून सगळ्यांना सांगतोय ते तू ऐकत नव्हतीस?"

"ऐकत होते की. मुक्या जनावराला कळत नाही, त्याला सांगता येत नाही, म्हणायचास तू. म्हणून जनावराला नाही घातला." आई ओशाळून हसली. "मी काय मुकी आहे? त्रास झाला असता तर सांगितलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू घरी दमून यायचास रे."

सुईभाऊंना ओरडायचं होतं. आयुष्यभर ज्यांच्यावर ओरडले त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायचं होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. लहानपणी घरात दाणा नव्हता तेव्हा हीच बाई स्वतः पाणी पिऊन त्यांना जेवायला वाढायची. तिच्या हातून धान्य टाकवेल, असं त्यांना वाटलंच कसं?

माणसांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सुईभाऊंना बाहेर बोलावलं. यकृत फार खराब झालंय, म्हणाले. आता वाट बघायची. सुईभाऊ हे वाक्य ओळखत होते. गोठ्यागोठ्यांतून त्यांनी स्वतः ते किती वेळा उच्चारलं होतं.

आईने घरी न्यायचा हट्ट धरला. घरी आणल्यावर सुईभाऊंनी परसात खड्डा खणला. डबा त्यात रिकामा केला, उरलेलं पीठ टाकलं, पोत्यातला उरलेला मका ओतला, मग पोतं उचललं. खाटेवरून आई बघत होती.

"पोतं तरी ठेव," ती हळूच म्हणाली. "धडधाकट आहे पोतं."

सुईभाऊंनी पोतं खड्ड्यात टाकलं आणि भराभर माती लोटली. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती त्या विषयावर काही बोलली नाही, आणि पुढे फार दिवस बोलायला राहिलीही नाही.

ती गेल्यावर गवळी भेटायला आला. दारात उभा राहून रडला. "भाऊ, मी तेव्हाच पुरलं असतं तर..." म्हणाला. सुईभाऊंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. ओरडले नाहीत.

नंतर त्यांनी आईचं अंथरूण आवरायला घेतलं. उशीखाली काहीतरी मऊ हाताला लागलं. लाल लोकर. वेणी सोडवून, धुऊन, गाठी काढून आईने तिचा लहानसा गुंडा केला होता आणि नातीसाठी मोजा विणायला घातला होता. चार ओळी झाल्या होत्या.

त्या पोत्याला लागलेलं सगळं पुरायचं, असं सुईभाऊंनीच घरात बजावलं होतं. ते गुंडा घेऊन परसात गेले, फावडं हातात घेतलं, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

मग फावडं भिंतीला टेकवून ते गुंडा घेऊन आत आले.