आनंदीबाईंच्या मापाचं स्टूल

मी एक जुनं, बुटकं स्टूल आहे. फणसाच्या लाकडाचं. मित्रांनो, हल्ली माझ्या डोक्यावर फुलदाणी असते आणि शेजारी पाटी, 'कृपया बसू नये'. स्टुलावर बसू नये म्हणे! मग काय आरती ओवाळायची?

मसुऱ्यातल्या काजू कारखान्याचे मालक दाजी. त्यांनी मला आनंदीबाईंसाठी करून घेतलं. काजूगरांची साल काढत बाई दिवसभर बसायच्या. अंगाने ठेंगण्या, त्यात एक गुडघा आखडलेला. महादू सुताराने सुंभाने त्यांचा पाय मोजला आणि माझे पाय दोनदा तासले.

"आता पाय टेकले रे महादू!" बाई हसल्या. तेवीस वर्षं ते पाय टेकलेले होते. अख्खे गर सर्वांत जास्त त्यांच्याच टोपलीत निघायचे, आणि दाजी आल्यागेल्याला ती टोपली कौतुकाने दाखवायचे.

दाजी गेले, मुलगा दत्तप्रसाद मालक झाला. माल परदेशी जाऊ लागला. तिकडच्या गिऱ्हाइकांना कारखान्यात लाकूड चालत नाही. स्वच्छतेबद्दल माझी तक्रार नाही हो! पण स्टीलची उंच टेबलं आली, उंच खुर्च्या आल्या, सगळ्या एका मापाच्या. बायका काय एका मापाच्या होत्या? आनंदीबाईंचे पाय लोंबकळू लागले, संध्याकाळी पावलं सुजू लागली. त्यांनी पायाखाली जांभ्या दगडाचा एक चिरा आणून ठेवला. पाहणीला साहेब आले, चिरा बाहेर गेला. बाईंचा हात मंदावला. महिनाभरात बाईही बाहेर गेल्या.

मी मात्र दत्तप्रसादच्या ऑफिसात शोभेला बसलो. 'आमची परंपरा' म्हणे. मेली असली परंपरा!

काल आनंदीबाई आल्या. "दत्ता, कामाक घे रे. लाकूड नको तर नको, स्टीलचा बुटका करून दी."

"एकासाठी वेगळं करता येत नाही, आनंदीबाई. सगळं ठरलेल्या मापाचं असतं." बोलता बोलता त्याने आपल्या खुर्चीखालचा दांडा दाबला. खुर्ची खाली आली आणि त्याचे पाय जमिनीला टेकले.

बाई बघतच राहिल्या. "ही खाली येता?"

"हो, हवी तशी करता येते. कंबर दुखत नाही."

"मगे आमची कित्याक येणा नाय?"

दत्तप्रसादने मोबाइल उचलला. बाई वळल्या, गुडघा लचकला, म्हणून त्यांनी माझा आधार घेतला. "जपून हं, फुलदाणी पडेल," तो म्हणाला.

मित्रांनो, मला पुसूनपुसून जपू नका. मी लाकूड आहे, मला काही दुखत नाही. कुणाला दिवसभर बसवणार असाल, तर आधी त्याचे पाय टेकतात का तेवढं बघा.