होमापुरत्या पिशव्या

"तोताराम, उद्या होम आहे. तेवढ्यापुरत्या त्या धुराच्या सेन्सरांना पिशव्या बांधून टाक," रुपचंद शेठ जिन्यातूनच म्हणाला.

स्टुलावर उभा राहून तोताराम स्क्रू आवळत होता. "हा शेठ, बांधस."

जळगावातल्या शेठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाडेकरूचा क्लास सुरू होणार होता. हॉलमध्ये पार्टिशनं टाकली होती, म्हणून खोलीखोलीत नवे सेन्सर आणि भोंगा बसवल्याशिवाय अग्निशमन दलाचा दाखला मिळणार नव्हता. हे काम तोतारामने सेन्सर बसवण्याचा ठेका घेणाऱ्या आपल्या मालकाकडून मागून घेतलं होतं.

खाली शेठचं साड्यांचं दुकान. ते नवं केलं तेव्हाही होम झाला, सेन्सरांना पिशव्या बांधल्या आणि नंतर त्या कोणी सोडल्याच नाहीत. पुढे दुकानाच्या गोदामात आग लागून धूर कोंडला. आत घड्या घालत बसलेली सुंदरबाई, तोतारामची बायको, बाहेर आलीच नाही. दुकानात कामाला असलेल्या हेमलताने चौकशीत पिशव्यांचं सांगून पाहिलं, पण शेठने कानावर हात ठेवले. सुंदरबाईच्या गावी, शिंदखेड्याला, तो सांत्वनाला दारावरही आला नाही, त्यामुळे तिच्या नवऱ्याचं तोंड त्याला ठाऊक नव्हतं. तोतारामला मात्र शेठचं तोंड झोपेतही दिसायचं.

दुसऱ्या दिवशी होमात तूप पडलं, धूर छताला लागला आणि भोंगा किंचाळला. भटजींचा मंत्र अर्धवट राहिला. व्याही, पाहुणे, दुकानातल्या बायका, सगळे धडाधड खाली उतरले. सोवळं सावरत शेठ तापलेल्या डांबरावर अनवाणी नाचत होता. तोतारामला मनापासून बरं वाटलं.

"पिशव्या बांध म्हटलं होतं ना रे तुला?" शेठ खेकसला. "दुकानाच्या होमाला मी बांधायला लावल्या होत्या तशा!"

हेमलता पुढे आली. "ऐकलं ना सगळ्यांनी?"

शेठने व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी मान फिरवली.

"आधी तो भोंगा बंद कर," शेठ हळू आवाजात म्हणाला.

"वाजू द्या, शेठ. सुंदराले तो ऐकू उना नव्हता. मी तिना नवरा शे."

हातात तांब्या घेऊन भटजी सर्वांत शेवटी उतरले. त्यांच्यामागे कोणी नव्हतं. तरी तोताराम जिन्याच्या तोंडाशी उभा राहून वर बघत राहिला.