आलं चार, लिहिलं पॉइंट चार

पेशंटला ०.५ मिलिग्रॅम औषध द्यायचं आहे. एक गोळी ०.१२५ मिलिग्रॅमची. किती गोळ्या?

पवित्रानं दोन्हीकडचं टिंब तीन घरं उजवीकडं नेलं. ५०० भागिले १२५. चार. बाकी शून्य.

पेन थांबलं. अर्ध्याला भागून चार?

~~४~~
०.४

नापास. दुसऱ्यांदा.

राजारामपुरीतल्या त्या नर्सिंगच्या वर्गात हिशोबाची परीक्षा पास झाल्याशिवाय वॉर्डात पाय ठेवता येत नसे. तिसऱ्यांदाही गेली तर परत गावाकडं, हुपरीची एसटी. घरी स्थळ तयारच होतं.

"आकडेमोड बरोबर, आणि उत्तराला माती खातीस," प्रीती मॅडम म्हणाल्या. "का गं?"

"उत्तर मोठं आलं की भ्या वाटतंय. भागल्यावर कमी व्हायला पायजे की."

खोलीवर सोबत राहणाऱ्या सोनमनं ऐकलं आणि ती गादीवर लोळून हसली. "पॉइंट चार गोळी! पेशंटला नुसती हुंगायला देणार काय?"

रविवार. हुपरी.

पवित्राचे वडील, अप्पा, चांदीच्या पैंजणाच्या कड्या करत बसले होते. या घरात चांदी वितळवा, ओढा, कापा, घासा, तराजूवर शेवटी कमीच भरायची. त्या तुटीला घट म्हणायचे. आणि कधी वजन वाढलंच तर आनंद नव्हे, संशय: ह्यात काय मिसळलं?

पवित्रा ह्या संशयात वाढली होती.

"बसलीस तर काप," अप्पांनी तार पुढं केली.

ती कापत गेली. तार संपत आली, ताटलीतल्या कड्या वाढत गेल्या. सगळी कापून झाल्यावर तिनं विचारलं, "अप्पा, तार केवढी हुती?"

"दीड ग्रॅम."

"आन् कडी?"

"पॉइंट शून्य पाच. किती झाल्या ते मोज की, डोळं न्हाईत व्हय?"

फरशीवर, बोटानं:

१.५ ÷ ०.०५
१५० ÷ ५
३०

ताटलीत तीस.

वजन कुठंच वाढलं नव्हतं. गणितानं वजन विचारलंच नव्हतं, नग विचारले होते.

सोमवार. तिसरा पेपर.

०.६ ÷ ०.१२. पाच. तिनं पाच लिहिलं आणि पुढं गेली.

०.१२५ ÷ ०.२५

०.५

आता? काल शिकलेलं सगळं म्हणत होतं, मोठं यायला पाहिजे, टिंब चुकलं असेल. पवित्रानं पेन खाली ठेवलं. एका गोळीत पंचवीस, पाहिजे साडेबारा. म्हणजे अर्धीच गोळी. मग बरोबर आहे. तिनं टिंबाला हात लावला नाही.

मॅडमनी समोरच पेपर तपासला. शेवटच्या गणितावर त्यांचं बोट थांबलं. "इथं घाबरली नाहीस?"

"घाबरले की."

"मग?"

"घाबरतच लिवलं." मग तिला राहवेना. "मॅडम, पण अर्धी गोळी तोडायची कशानं? बरोबर मधनं तुटती व्हय?"

प्रीती मॅडमनी पेपरवर सही केली.

"सकाळी सातला वॉर्डात ये. दाखवते."