बाटलीवरचं नाव

धाकटा भाऊ शीळ घालायला लागला, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली. वर्षभर उदास होऊन पडलेला हा घड्याळजी आता सहा घड्याळं एकदम उघडून बसला होता. ना जेवणाची शुद्ध, ना झोपेची.

"हे कसले थेंब घेतोस रे?"

"गांजापासून केलेलं औषध. रीतसर दवाखान्यातून आणलंय. मी बरा झालो तर तुझ्या पोटात का दुखतं?"

ताईने बाटलीवरचं नाव कागदावर उतरवलं आणि त्याच्या जुन्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"त्याला पूर्वी उन्मादाचे झटके आलेत, हे त्या दवाखान्यात सांगितलं होतं का?"

त्याने फक्त उदासीच सांगितली होती.

"मग आजच घेऊन या त्याला. या औषधाने उन्माद भडकू शकतो."

थेंब बंद झाले, जुन्या गोळ्या सुरू झाल्या. भावाने महिनाभर अबोला धरला. मग एका दुपारी तो आपणहून आला.

"तुला संशय आला तरी कसा?"

"न सांगता, शीळ घालत घरातली सगळी भांडी घासलीस ना, तेव्हा."

तो हसला. ताईने ते हसूही नीट निरखून पाहिलं.