माळ राहू द्या, आबा

आमची सून ज्ञानेश्वरी पीकविम्याच्या पंचनाम्याला शेतांचे फोटो काढती. मी तिला 'मोबाईलवाली' म्हणायचो. बांधावर उभं राहून फोटो काढायचे, त्याला काय काम म्हणायचं? असं माझं मत व्हतं, आन् ते मी कवठे येमाईत साऱ्यांना ऐकवून झालतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन आम्ही तिघं भांडगावला माझ्या लेकीकडं निघालो. पोरगा भारत चालवत व्हता, ज्ञानेश्वरी मधे बसलेली. त्याला एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागलेली, सोमवारी हजर व्हायचं. न्हावऱ्याच्या पुढं समोरनं एका कारवाल्यानं ट्रॅक्टरला ओव्हरटेक मारला आन् थेट आमच्या अंगावर आला. भारतनं डावीकडं दाबली, तरी ड्रायव्हर साईडचा कोपरा चेपलाच, दिव्यांच्या काचा रस्त्यावर सांडल्या. जिवावरचं टळलं, कुणाला खरचटलंसुद्धा न्हाई.

पण कारवाला उतरला तो बोंबलतच. "हा माझ्या बाजूला घुसला! काचेवर माळ बघा केवढी! ह्याला रस्ता दिसणार कसा?"

दसऱ्याची माळ मीच बांधलेली. घरचा झेंडू असताना बारीक माळ लावायची म्हंजी लाज न्हाई का? भारतचा चेहरा पांढराफटक पडला. "आबा, नावावर केस पडली तर नोकरी गेली," एवढंच बोलला.

तवर माणसं जमली. कुणी गाड्या ढकलून बाजूला घ्यायला लागलं. मोटरसायकलवाला घसरू नये म्हणून मी लिंबाचा डहाळा तोडून काचा झाडायला वाकलो. आपल्याकडं असंच करतेत.

"आबा, काचंला हात लावू नका! गाड्या कुणी हलवायच्या न्हाईत!" ज्ञानेश्वरी एवढ्या जोरात ओरडली की डहाळा माझ्या हातातनं गळून पडला.

आधी तिनं लांबनं फोटो घेतला, दोन्ही गाड्या आन् किलोमीटरचा दगड एकात येईल असा. मग मधला पांढरा पट्टा. धक्क्यानं गाड्यांखालचा वाळका चिखल जिथं गळलेला, तिथं तिनं पिकअपमधलं खुरपं मापाला ठेवलं आन् जवळनं फोटो घेतला.

मी गुपचूप माळ तोडायला गेलो.

"माळ राहू द्या, आबा."

माझं डोकं फिरलं. "अगं, तू कुणाच्या घरची हायेस? नवऱ्याला आत घालतीस व्हय? अवदसा कुठली!" दहा माणसांत बोललो.

तिचे डोळे भरले, पण मोबाईल खाली आला न्हाई. "पंचनाम्यात मी कुणाचंच झाकत न्हाई, आबा. आपलंबी न्हाई." तिनं भारतला सीटवर बसवलं, त्याच्या डोळ्याजवळ मोबाईल धरला आन् आतनं काचेचा फोटो घेतला.

हवालदार आले. कारवाल्यानं पहिलं बोट माळेवरच ठेवलं. ज्ञानेश्वरीनं मोबाईल पुढं केला. हवालदारांनी एकेक फोटो बोटानं मोठा करून पाहिला. चिखल आन् काचा, सगळं पट्ट्याच्या आमच्या बाजूला, म्हंजी धडक तिथंच झालेली. मग आतला फोटो. भारतच्या समोरचा रस्ता लख्ख, पार वळणापर्यंत. माळ लोंबत व्हती ती डाव्या अंगाला, मी बसलो व्हतो तिथं.

"माळ काढून टाकली असती, तर लपवालपवी केली म्हणून ह्या कारवाल्याचंच खरं धरावं लागलं असतं," हवालदार म्हणाले. "ताई, असे फोटो आम्हालाबी जमत न्हाईत. आबा, रस्ता दिसत नव्हता तो तुम्हाला."

भारत रडायला लागला. काय ही पोर! सासरा शिव्या घालतोय, नवऱ्याची भाकरी पणाला लागलीय, आन् ही खुरपं ठेवून माप घेती.

हवालदार जबाब लिहायला लागले.

"साहेब," मी म्हणालो, "मी हिला दहा माणसांत अवदसा म्हणालो. तेबी लिवा."

"त्याला रकाना न्हाई, आबा."

"मग कोऱ्या जागंत लिवा. सही मी करतो."