ब्रदर डॅरेलचा पापनाशक चष्मा

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात कापणीनंतरच्या जेवणालाही एवढी गर्दी होत नसे. बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत ऑर्व्हिल म्हातारा, डोळ्यांवर काळा, जाडजूड चष्मा. मान डोलत होती, कपाळावर घाम होता. बघता बघता तो पुढं वाकला आणि बादलीत भडाभडा ओकला.

"निघालं," दर रविवारी येणारा उपदेशक ब्रदर डॅरेल हळूच म्हणाला. "औषधांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं पापाचं विष परमेश्वरानं घटकेत बाहेर काढलं."

माणसांनी माना झुकवल्या. कानाची डॉक्टर सोल्वेग हाउगेन मात्र सारखी चुळबुळत होती. तिची थोरली बहीण व्हर्ना पुन्हा रांगेत उभी होती. ब्रदरच्या शब्दावर व्हर्नानं हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि तिचे पाय सुजून बुटात मावत नव्हते.

"ताई, घरी चल."

"आधी तू बसून बघ, मग बोल."

सोल्वेग बसली. चष्मा चढला आणि हॉल नाहीसाच झाला. पायाखाली दरी, खाली सोनेरी नदी, आणि ती स्वतः हवेत वळणं घेत खाली झेपावत होती. खोटं आहे हे माहीत असूनही तिनं खुर्ची घट्ट धरली. मागं वळून पाहिलं, तर मागंही आभाळच. इतकं सुंदर, की ती बघतच राहिली. मग पोटात ढवळलं. तिनं डोळे मिटले. मळमळ ओसरू लागली. उघडले, तशी पुन्हा उसळली.

तिनं चष्मा काढला. "ब्रदर, डोळे मिटले की तुमचं विष थांबतं कसं?"

"श्रद्धा नसली की थांबतं, डॉक्टरबाई."

"डोळे सांगतात, तू उडतेयस. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो, तू बसलीयस. दोघांचं जुंपलं की पोट ढवळतं. हा दुकानात मिळणारा, चष्म्यात दिसणारा व्हिडिओ खेळ आहे, तुम्ही मुद्दाम गरगरवणारा निवडलाय. तुमच्या अंगात पाप नाही ना? मग बसा."

"मला गरज नाही."

"बसा की हो," रांगेतून व्हर्ना म्हणाली. "मी इतक्यांदा बसले."

सगळे बघत राहिले. ब्रदरला बसावंच लागलं.

"डोळे मिटू नका," सोल्वेग म्हणाली. "दिसेल ते बोलत राहा."

"नदी... कडा... वळण..." आवाज बारीक होत गेला. चेहरा पिठासारखा पांढरा पडला. ऑर्व्हिलनं बादली पायानं पुढं सरकवली आणि ब्रदर तीत ओकला.

"बरंच शिल्लक होतं म्हणायचं," ऑर्व्हिल म्हणाला.

काही हसले, काही रागानं निघून गेले. एका बाईनं तर पुढच्या रविवारी ब्रदर येणार ना, असंही विचारलं.

दवाखान्याच्या वाटेवर व्हर्नानं विचारलं, "मग त्या नदीवर मला जे बरं वाटलं, ते?"

"ते खरं होतं, ताई. नदी छानच केलीय. पण तुझ्या पायांत साठलेलं पाणी ती काढू शकत नाही."

दिसलं, अंगाला जाणवलं, म्हणून सांगणाऱ्याचं सगळंच खरं ठरत नाही. असं का झालं, हे विचारावं, पडताळून बघावं. आणि तोवर डॉक्टरनं दिलेली गोळी तरी कुणाच्या शब्दावर बंद करू नये.