लाल फुली

टँकरच्या ड्रायव्हरने कागदाची पट्टी आधी डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली आणि शेवटी ताईपुढे केली. "ताई, एकच रेघ आलीय हो."

दोन रेघा उमटल्या की दूध चांगलं, एकच उमटली की त्यात जनावराचं औषध उतरलेलं. ताईने दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. दुसरी रेघ काही केल्या येईना. ड्रायव्हर भला माणूस, निघताना दोनदा मागे वळून पाहिलं त्याने, पण टँकर रिकामाच नेला. थंड टाकीतलं चाळीस घरांचं दूध ताईने स्वतःच्या हाताने नळ सोडून गटारात घालवलं.

हे दूध केंद्र तिनेच उभं केलेलं. इथे घरटी एक नाहीतर दोन गायी. पूर्वी दारावर व्यापारी यायचा. माघारी त्याला सगळे 'मापचोर' म्हणायचे आणि तोंडावर 'या, बसा'. तो म्हणेल ते माप, तो म्हणेल तो भाव. ताई दोन वर्षं दारोदार फिरली, नाही नाही ती बोलणी खाल्ली आणि एकेकाला पटवलं, की सगळ्यांचं दूध एका टाकीत थंड केलं तर मोठी डेअरी आपल्या दारात येईल. डेअरी आली. पण तीन महिने पारखून मगच कायमचं ठरवू म्हणाली. त्यातला हा शेवटचा आठवडा.

प्रत्येकाच्या दुधाची एक छोटी बाटली मागे ठेवायचा ताईचा शिरस्ता होता. तिने एकेक बाटली तपासायला घेतली. सोळापर्यंत दोन-दोन रेघा आल्या. सतराव्या बाटलीला एक आली. ताईने बाटली फिरवून आकडा पुन्हा वाचला, जसा काही वाचल्याने तो बदलणार होता.

सतरा नंबर आत्याचा होता.

आई गेल्यावर ताईला लहानाचं मोठं केलं ते या आत्याने, एका गाईच्या जिवावर. केंद्रात पहिलं दूध घातलं तेही तिनेच. आणि ज्याच्यामुळे टाकी फुकट जाईल त्याचं दूध कायमचं बंद, हा नियम ताईने बैठकीत मांडला, तेव्हा सगळ्यात आधी हात वर गेला होता तोही आत्याचाच.

ताई तडक तिच्या घरी गेली.

"आत्या, गाईला डॉक्टरांनी काही दिलं का गं?"

"कास सुजली होती ना, म्हणून एका सडात औषधाची ट्यूब सोडली. पण तू कशाला घाबरतेस? मला काय कळत नाही?" आत्याने कोपऱ्यातलं झाकलेलं भांडं पुढे ओढलं. "हे बघ. त्या सडाचं दूध वेगळं काढलंय. मांजरालासुद्धा दिलं नाही. बाकी तिन्हींचं तेवढं तुझ्याकडे घातलं."

"औषध रक्तात जातं, आत्या. चारही सडांत उतरतं. पाच दिवस सगळंच दूध टाकून द्यायचं असतं."

आत्याने भांडं मागे सारलं. "पण तुझ्या चित्रात तर एकाच सडावर फुली आहे."

केंद्राच्या भिंतीवर ताईने हौसेने कास रंगवली होती आणि दुखऱ्या सडावर मोठी लाल फुली मारली होती. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'चारही सडांचं दूध पाच दिवस घालू नये.' आत्याला अक्षरओळख नव्हती. घरात आलेली पत्रं शाळकरी ताईच तिला वाचून दाखवायची. आणि चित्र काढताना हीच गोष्ट नेमकी ती विसरली होती.

तेवढ्यात फोन वाजला. डेअरीच्या साहेबांचा आवाज इतका मोठा, की खोलीभर ऐकू येत होता. "एखाद्याची लबाडी असेल तर नाव द्या, त्याला काढा, केंद्र चालू ठेवू. तुमच्या शिकवण्यातच खोट असेल, तर मग आम्ही थांबतो."

दुपारी सगळे केंद्रात जमले. "कुणाचं दूध होतं?" एकच गलका. ताई उभी राहिली. चित्र माझं, चूक माझी, एवढंच बोलायचं असं ती वाटेत घोकून आली होती. तिने तोंड उघडलं आणि मागून आत्या उठली.

"माझं होतं. हिने चांगलं बजावलं होतं मला. मीच लबाडी केली. म्हटलं, एवढ्याशाने कुणाला कळतंय!"

मग कुणी तिचं वय काढलं, कुणी अक्कल. ताईसमोर चाळीस घरं बसली होती. ती गप्प राहिली. नंतर पुष्कळदा तिने स्वतःला समजावलं, पण त्या गप्प राहण्याची लाज तिच्या मनातून कधी गेली नाही.

केंद्र वाचलं. त्याच संध्याकाळी ताईने ब्रश घेऊन उरलेल्या तीन सडांवर फुल्या मारल्या.

आत्याची गाय पाच दिवसांत बरी झाली. पण दूध घालायचं कुठे? शेजारीपाजारी ज्याच्या त्याच्या दारात गाय. आत्याने मापचोरालाही निरोप धाडला. एका घरासाठी एवढा फेरा परवडत नाही, असं त्याने कळवलं. त्याचं येणं बंद पाडलं ते ताईनेच, आणि त्याबद्दल तिचा सत्कारही झाला होता. ताई सांजसकाळ आत्याच्या दारात जायची. आत्या चहा द्यायची, दुधाचा चांगला दाट, आणि विषय काढू द्यायची नाही.

नवव्या दिवशी सकाळी, ऐन दूध घालायच्या वेळी, आत्या केंद्रात आली. हातात नुसतं दावं होतं. विकलेली गाय गाडीत चढवून ती परस्पर तिकडूनच आली होती. रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

आत्या चित्रासमोर उभी राहिली. बोट लावून तिने फुल्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

"आता बरोबर आहे. आता कुणाचं चुकायचं नाही."

"आत्या, मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना खरं सांगते."

"गप्प बस," आत्या हळूच म्हणाली. "गाय गेली ती गेली. उगाच केंद्र घालवू नकोस. आणि रांग खोळंबलीय बघ."

दावं खांद्यावर टाकून ती पायऱ्या उतरली. ताईने सोळा नंबरची बाटली जागेवर ठेवली, पदराने डोळे पुसले आणि पुढची हाक दिली, "अठरा."